ओट्यावरून खाली : जेऊर परिसरातल्या अंध मुलांसाठीचा जाहीरनामा

आमच्या भागात आंधळं मूल कुठं सापडेल, असं कुणी विचारलं तर त्याला ओट्याकडं पाठवावं. सकाळी घरातलं कुणीतरी हात धरून मुलाला बाहेर आणतं, भिंतीला पाठ टेकवून बसवतं, हातात बिस्किटाचा पुडा नाहीतर मोबाईल देतं आणि रानात निघून जातं. रस्त्यानं जाणारा विचारतो, "काय रे, बसलायस का?" मूल म्हणतं, "हो." गाडीच्या आवाजावरून ते गाडी कुणाची हे सांगतं, स्टेशनात शिरणारी पॅसेंजर आणि न थांबता निघून जाणारी मालगाडी लांबून ओळखतं. लोकांना कौतुक वाटतं. दुपारी त्याला आत नेतात, उन्हं कलली की पुन्हा बाहेर आणतात. अशी दहा-बारा वर्षं जातात.

आम्ही करमाळा तालुक्यातलं जेऊर आणि आसपासच्या गावांतली, वाड्यावस्त्यांवरची माणसं आहोत. आमच्यात अशा मुलांचे आईबाप आहेत, प्राथमिक शाळेतले गुरुजी आहेत, अंगणवाडीताई आहेत. काही जण स्वतः आंधळे आहोत, अशाच ओट्यांवर बसून वाढलेले. आज ४ जानेवारी, लुई ब्रेलचा जन्मदिवस. कालच ३ जानेवारीला गावोगावच्या शाळांनी सावित्रीबाईंची जयंती केली. हे दोन दिवस एकाला लागून एक यावेत याचा आम्हांला फार आधार वाटतो. ज्यांना शिकवून काय उपयोग असं उघड विचारलं जायचं, त्यांच्या हातात या दोघांनी अक्षर दिलं. म्हणून आजच्या दिवशी आम्ही जाहीर करतो की यापुढं आमच्या गावांतलं एकही आंधळं मूल ओट्यावर बसून मोठं होणार नाही.

'आंधळं' हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात, तिथं आम्हीही तेच लिहू. पण आंधळं असणं ही शिवी नाही, एक स्थिती आहे. शिवी होते ती 'ए आंधळ्या' अशी हाक मारली की. प्रत्येक मुलाला नाव आहे, बारशात ठेवलेलं. त्याच नावानं हाक मारावी.

हा मजकूर लिहून काढणारा आमच्यातलाच एक, जन्मापासून आंधळा. पुढची गोष्ट त्याची आहे, ती त्याच्याच तोंडून यावी.

मी नऊ वर्षांचा होईपर्यंत भाकरी गोल असते हे मला माहीत नव्हतं. आई ज्वारीची भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून वाटी माझ्या हातात द्यायची. माझ्या लेखी भाकरी म्हणजे एक ओला, मऊ गोळा. चुलीजवळ भाजेल म्हणून मला स्वयंपाकघरात येऊ देत नसत. परातीत भाकरी थापल्याचा आवाज रोज कानावर पडायचा, मला तो आवडायचा. पण त्या आवाजाचा आणि वाटीतल्या घासाचा काही संबंध आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारावं असं मला सुचलंही नाही. पुढं लांबच्या वसतिगृहात मला ठेवलं. पहिल्याच रात्री ताटात अख्खी भाकरी पडली. तिच्या कडेकडेनं मी बोट फिरवत गेलो आणि ते जिथून निघालं होतं तिथंच परत आलं. वरचा पापुद्रा सुटलेला होता, त्याखाली वाफ होती, खालची बाजू करपून खरखरीत झालेली. मी शेजारच्या पोराला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, भाकरी. मला वाटलं तो थट्टा करतोय. त्या रात्री मला रडू आलं ते घर आठवून आलं असं सगळ्यांना वाटलं. मला रडू आलं ते वेगळ्याच कारणानं. रोज खाल्लेली एक वस्तू मला नऊ वर्षं ठाऊक नव्हती, मग आणखी काय काय ठाऊक नसेल?

माझ्या आईच्या मायेत काही खोट नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायला आम्ही एकत्र आलो आहोत.

डोळस मुलाला जगाची ओळख फुकट होते. कणगीतली ज्वारी, गिरणीतलं पीठ, परात, तवा, ताट हा सगळा प्रवास ते हजार वेळा न मागता बघतं. कुणी शिकवत नाही, तरी शिकतं. आंधळ्या मुलाच्या वाट्याला त्यातलं फक्त तेवढंच येतं जेवढं त्याच्या हातापर्यंत पोचतं. आपण हातात काय दिलं यावर त्याचं जग केवढं होणार हे ठरतं. कानावर शब्द पडतात, तोंडात बसतात, पण त्या शब्दाखाली वस्तू नसते. असं मूल ढग, नांगर, चिमणी, उजनी धरणाचं पाणी या सगळ्यांवर घडाघडा बोलतं आणि मोठी माणसं म्हणतात, किती हुशार! आम्हांला त्या हुशारीची काळजी वाटते.

हे पाळण्यापासून सुरू होतं. डोळस बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की समोरचा खुळखुळा बघून हात पुढं करतं. जन्मांध बाळाचा हात आवाजाच्या दिशेनं जायला बहुतेकदा वर्ष सरत येतं. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग या बाईंनी अशा बाळांच्या घरी पुन्हापुन्हा जाऊन हे बारकाईनं टिपलं, त्यांचं पुस्तक १९७७ साली आलं. त्यांना असं आढळलं की ही बाळं बसायला आणि धरून उभं राहायला फारसा उशीर लावत नाहीत, उशीर लावतात ते रांगायला. रांगायचं कशाकडं? पुढं काहीतरी आहे हे कळल्याशिवाय कोणतंही बाळ पुढं सरकत नाही. जिथून आवाज आला तिथं वस्तू असते आणि हात लांबवला की ती सापडते, एवढं एकदा त्याच्या हाताला उमगलं की मग ते रांगायला लागतं. हे उमगावं म्हणून काही महाग खेळणं लागत नाही. दोन वाट्या, किल्ल्यांचा जुडगा, घुंगरू बांधलेला चेंडू आणि रोज वेळ देणारं माणूस एवढं पुरतं. पण कुणी सांगितलं नाही तर बाळ उताणंच पडून राहतं, आणि घरचे म्हणतात, डोक्यानंही कमी दिसतंय.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईच्या कानावर घातली पाहिजे. आई बोलली की असं बाळ पुष्कळदा हातपाय हलवायचं थांबवतं, गप्प होतं. आईला वाटतं, याला माझी ओढच नाही. ते ऐकत असतं. सारं अंग एकवटून ऐकत असतं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही तर बोटांकडं पाहावं. बोटं उघडझाप करतात, आईचा पदर चाचपतात. या बाळाचं हसू तिथं असतं.

मूल मोठं झालं की डोळ्यांत बोटं दाबतं, बसल्या जागी डुलतं. त्यावरून त्याला मारतात. मारून ते थांबत नाही. त्याच्या अंगाला हालचाल हवी असते, ती मिळत नाही म्हणून ते आपल्यापुरती करून घेतं. त्याला झोका द्या, उतारावरून पळू द्या, धाकटं भावंड झाडावर चढतं तिथं त्यालाही चढवा. पडेल, खरचटेल. गुडघा फुटल्याशिवाय आमच्यातलं कुणी मोठं झालं आहे?

आयांना आम्ही धीट व्हा म्हणून सांगतो तेव्हा त्यांची भीती आम्हांला कळते. वाशिंबे, केत्तूरकडं उजनीचं पाणी वस्त्यांच्या दाराशी आलेलं आहे. गावातून रेल्वेचा रूळ जातो. ऊस आणि केळीच्या गाड्यांना रस्ता पुरत नाही. मग पोराला मोकळं सोडायचं कसं? तर पाणी कुठं आहे हे त्याला हात धरून नेऊन दाखवायचं, काठाची ओल पायाला लागू द्यायची, रुळाची खडी कुठं सुरू होते ते तळव्याला शिकवायचं. चालायला लागल्यावर लवकरच त्याच्या उंचीची, छातीच्या हाडापर्यंत येणारी पांढरी काठी हातात द्यायची. धोका ठाऊक असलेलं मूल जास्त सुरक्षित असतं. ओट्यावर ठेवलेलं मूल कधीतरी ओट्यावरून उतरणारच आहे, आणि त्या दिवशी त्याला काहीच ठाऊक नसेल.

"देवानं डोळे नाही दिले, पण दुसरं काहीतरी दिलंय," असं लोक म्हणतात. ते प्रेमानं म्हणतात, पण त्यानं मुलाचं नुकसान होतं. आंधळ्याचे कान जन्मानं तिखट नसतात, वापरून तिखट होतात. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गमावून बसले आणि ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ रचून गेले. त्यांची थोरवी आम्ही मानतो. पण ग्रंथ वाचून दाखवणारी आणि सांगितलेलं लिहून घेणारी माणसं त्यांच्या भोवती होती, हेही आम्ही लक्षात ठेवतो. आमच्या पोरांभोवती ती कोण असणार? शिवाय 'दुसरं काहीतरी' म्हणजे गळा, असं धरून चालतात. आंधळं दिसलं की त्याच्यापुढं पेटी ठेवायची आणि अभंग म्हणायला लावायचा. ज्याला गाण्याची ओढ आहे त्यानं जरूर गावं, पंढरपूर जवळ आहे, ऐकणारे पुष्कळ आहेत. ज्याला सूर नाही त्याचं काय? म्हशीची धार हातांनी काढतात. दोर वळणं, पेंढ्या बांधणं, केळीच्या फण्या पेटीत भरणं, दुकानातलं सुटं धान्य मापणं, सगळं हातांचं काम आहे. आम्ही आमच्या मुलांसाठी साधं, चारचौघांसारखं जगणंही मागतो.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, २०१६ साली यूपीएससीच्या निकालात ७७३ वा आणि पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. त्यांचं नाव आमच्या मुलींना आम्ही रोज सांगू. पण शिकायचा हक्क मिळवायला आधी असामान्य ठरावं लागणं हा मुलावर अन्याय आहे. डोळस पोरगं चौथीत नापास झालं तरी त्याला शाळेतून कुणी उचलून ओट्यावर नेऊन बसवत नाही.

आता अक्षराबद्दल. लुई ब्रेल १८०९ साली पॅरिसपासून काही कोसांवरच्या कूव्रे नावाच्या गावात जन्मला. बाप घोड्यांचं खोगीर-लगाम शिवणारा. तीन वर्षांचं पोर बापाच्या दुकानात आरीशी खेळत होतं, ती डोळ्यात गेली, आणि पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले. ही गोष्ट सगळे सांगतात आणि मग थेट पॅरिसच्या अंधशाळेत जातात. आम्हांला मधली पाच वर्षं जास्त मोलाची वाटतात. बापानं त्याला काठी करून दिली. लाकडात खिळे ठोकून अक्षरांचे आकार त्याच्या बोटांना शिकवले, असं सांगतात. गावच्या पाद्रीनं त्याला शिकवायला घेतलं आणि त्याच्या सांगण्यावरून गावच्या मास्तरानं त्याला डोळस पोरांच्या बाकावर बसवून घेतलं. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, तो पॅरिसला गेला तेव्हा गावानं त्याला चालायला, विचारायला आणि हातांनी ओळखायला शिकवून पाठवलं होतं. रात्रीच्या अंधारात निरोप वाचता यावा म्हणून शार्ल बार्बिए या लष्करी माणसानं केलेली बारा टिंबांची पद्धत तिथं त्याच्या हाती आली. ती बोटाच्या पेरात मावत नव्हती. त्यानं ती सहा टिंबांवर आणली आणि १८२९ साली, विशीत, छापून जगापुढं ठेवली. ज्या आरीनं डोळा गेला तसल्याच टोकदार हत्यारानं आज जगभरची आंधळी मुलं लिहितात.

१९५१ पासून आपल्या देशातल्या भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत आहे. सहा टिंबांचं एक घर. डावीकडं वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडं ४, ५, ६. आपल्या गावाचं नाव त्यात चार घरांत बसतं. ज साठी २, ४, ५. मात्रा ब्रेलमध्ये अक्षराच्या डोक्यावर चढत नाही, पुढं स्वतंत्र घर घेते, म्हणून एकाराला १, ५. ऊ साठी १, २, ५, ६. र साठी १, २, ३, ५. मोजून तेरा टिंबं. पाटीवर ती उजवीकडून डावीकडं टोचायची, कागद उलटला की बोटाखाली डावीकडून उजवीकडं 'जेऊर' येतं. एखाद्या मुलानं पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव असं वाचलेलं आम्ही पाहिलं आहे. त्यानं ते अकरा वेळा वाचलं.

मोबाईल बोलतो, मग टिंबं कशाला, असं आता शिकलेली माणसंही विचारतात. मोबाईलचा आम्हांला राग नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारं एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या दोन आंधळ्या तरुणांनी उभं केलं आणि जगाला मोफत दिलं. सुगम्य पुस्तकालयात २०१६ पासून देशभरची पुस्तकं एका ठिकाणी मिळू लागली. आमच्यातले काही जण त्यावरच वाचतात. पण नुसतं ऐकणाऱ्या मुलाला जेऊरमधला ऊ दीर्घ आहे हे कधीच कळणार नाही. बोटाला कळतं, कारण ऱ्हस्व उ म्हणजे १, ३, ६ आणि दीर्घ ऊ म्हणजे १, २, ५, ६. परिच्छेद कुठं संपला, अवतरणचिन्ह कुठं आहे, गणितातला छेद खाली आहे की वर, हे कानाला दिसत नाही. ऐकून मूल माहीतगार होतं. लिहितं-वाचतं व्हायला त्याला ब्रेल पाहिजे. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठीतलं ब्रेल पाक्षिक सुरू केलं. मराठी आंधळ्या माणसाला ताजा मजकूर स्वतःच्या बोटांनी वाचायला मिळावा ही ती धडपड. त्याचा अंक आमच्या प्रत्येक मुलाच्या हाती पडावा असा आमचा प्रयत्न राहील.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. १९०० साली ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढं दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. पुण्यात १९३४ साली डॉ. शंकरराव माचवे यांनी अंधशाळा सुरू केली. या शाळा नसत्या तर आमच्यातल्या एकालाही अक्षर आलं नसतं, म्हणून त्यांच्याविरुद्ध आमचा शब्द नाही. पण जेऊरहून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडं, पुणे त्याहून लांब. सहा-सात वर्षांच्या पोराला आईपासून तोडून तिथं ठेवायचं की घरी अडाणी ठेवायचं, या दोनच वाटा आजवर आमच्यापुढं होत्या.

कायदा तिसरी वाट देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं ३१ वं कलम म्हणतं की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीप्रमाणं. निवड हा शब्द आम्ही घट्ट धरून ठेवणार आहोत. जवळची शाळा निवडली तर तिथं ब्रेल येणारा शिक्षक पाहिजे, पुस्तक पाहिजे, गणितासाठी टेलर फ्रेम आणि अबॅकस पाहिजे. तसं नसेल तर ती निवड कागदावरच राहते.

पण कायद्यातलं 'सहा' आम्हांला खुपतं. वर सांगितलेलं सगळं, आवाजाकडं जाणारा हात, रांगणं, भाकरी, काठी, हे सहाच्या आत घडतं किंवा राहून जातं. याच अधिनियमाच्या १७ व्या कलमात दर पाच वर्षांनी दिव्यांग मुलांचं सर्वेक्षण सांगितलं आहे, तेही शाळेत जाणाऱ्या मुलांचं. ओट्यावरचं मूल शाळेत जातच नाही, मग ते मोजलं कसं जाणार? सहाच्या आतल्या मुलाला गाठू शकणारी एकच जागा गावात आहे, ती अंगणवाडी. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला, म्हणजे दिल्लीला हे मान्य आहे. आता ते आमच्या वस्तीवरच्या ताईपर्यंत आलं पाहिजे. रजिस्टरांच्या ओझ्याखाली आधीच वाकलेल्या ताईला आणखी एक रजिस्टर देऊन हे होणार नाही. तिला चार दिवसांचं हातानं करून शिकवलेलं प्रशिक्षण द्या, महिन्यातून एकदा विशेष शिक्षकाला तिच्या अंगणवाडीत पाठवा. आमची सर्वांत मोठी मागणी हीच आहे.

बाकीच्या मागण्या थोडक्यात. १५ जूनला शाळेची घंटा वाजते त्या दिवशी ब्रेल पाठ्यपुस्तक मुलाच्या हातात असावं. दिवाळीनंतर येणारं पुस्तक म्हणजे वाया गेलेलं सत्र. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र यांसाठीची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी व्हावी, कारण हेलपाट्यात मजुरीवरच्या बापाचे रोज बुडतात. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ हा नियम आहे. तो आम्हांला केंद्रावर हात जोडून मागावा लागू नये. गणित अवघड जाईल म्हणून आंधळ्या मुलाला त्यापासून आधीच दूर ठेवण्याची रीत बंद व्हावी.

ज्यांना थोडं दिसतं त्यांचं दुखणं आणखी वेगळं. अशी मुलं शाळेत असतात, पण धांदरट, आळशी, मंद अशी नावं घेऊन मागच्या बाकावर बसतात. चकाकणाऱ्या फळ्यावरचं त्यांना दिसत नाही, पुस्तक नाकाला लावलं तर दिसतं. त्यांना पुढचा बाक, ठळक काळी शाई, भिंग आणि योग्य उजेड दिला तर त्यातली पुष्कळ जण आपल्या डोळ्यांनीच शिकतील. सगळ्यांच्या गळ्यात ब्रेल मारणंही चुकीचंच.

मुलींविषयी एक गोष्ट उघड बोलायची आहे. आंधळ्या मुलीचा हात कुणीही धरतं, विचारल्याशिवाय. रस्ता ओलांडून देतो म्हणून, मंदिरात नेतो म्हणून. तिला लहानपणापासून अंगवळणी पडतं की कुणी ओढलं तर आपण निमूट जायचं. ही सवय तिच्या जिवावर उठते. म्हणून आमच्या प्रत्येक घरात हा नियम राहील की कोण आहे ते सांगितल्याशिवाय आणि तिनं हो म्हटल्याशिवाय तिच्या अंगाला हात लावायचा नाही. तिनं हात झिडकारला तर तिला उद्धट म्हणायचं नाही. मार्गदर्शन हवं असेल तेव्हा ती समोरच्याचा कोपर धरेल. हे मुलग्यांनाही लागू आहे.

जी दृष्टी वाचू शकते ती वाचवणं हेही आमचंच काम. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोहून हलकं असेल तर महिन्याच्या आत त्याच्या डोळ्याचा मागचा पडदा तपासलाच पाहिजे. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं आणि पडदा निसटल्यावर फारसं काही करता येत नाही. बाहुलीत पांढरं चमकलं तर थांबायचं नाही. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांतच काढावा लागतो, नाहीतर मेंदू पाहायला शिकतच नाही. डोळ्यात मध, आईचं दूध, कसला रस काहीही घालायचं नाही. रुबेलाची लस, जीवनसत्त्व अ चे डोस चुकवायचे नाहीत. आणि मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करण्याची आमच्या भागातली रीत. जवळच्या नात्यात काही आनुवंशिक नेत्रविकारांचा धोका वाढतो. ज्या घरात ते घडून गेलं आहे तिथल्या आईला यावरून एक शब्दही कुणी बोलू नये. पण उपवर मुलामुलींना हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

आमच्यावर आम्ही काय बंधन घालून घेतो तेही सांगतो. आमच्यातला प्रत्येक डोळस माणूस ब्रेल शिकेल. डोळ्यांनी वाचायला ते काही आठवड्यांत येतं. आशाताईंबरोबर दारोदार जाऊन शून्य ते अठरा वयाच्या मुलांची यादी आम्ही स्वतः करू, कुणी करून देण्याची वाट पाहणार नाही. प्रत्येक अंगणवाडीत हाताळायची एक पेटी ठेवू, तिच्यात प्लास्टिकची फळं नसतील, खरी कणसं, शेंगा, पिसं, घुंगरं, माती, कुलूप-किल्ली असेल. मुलांना व्यासपीठावर उभं करून देणगी मागणार नाही. वाटपाचे फोटो काढणार नाही. १५ ऑक्टोबरला शाळा वाचन प्रेरणा दिन करतात, तोच जगभर पांढऱ्या काठीचा दिवस असतो. त्या दिवशी आमची मुलं काठी घेऊन बाजारपेठेतून स्वतः चालत शाळेत जातील आणि ब्रेलमधून वाचतील. जेऊरचं नाव आज नागराज मंजुळे यांच्या सिनेमांमुळं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आमचा तालुका लोकांनी पडद्यावर पाहिला. तोच तालुका आमच्या मुलांनी पायांनी ओळखावा म्हणून त्यांची पहिली सहल करमाळ्याला कमलादेवीच्या मंदिराजवळच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीवर जाईल. पायऱ्या ती पायांनी मोजतील, खाली पाण्याचा गारवा कितव्या पायरीला लागतो ते सांगतील.

या चळवळीला आम्ही बिल्ला, वर्गणी, अध्यक्ष काही ठेवलेलं नाही. ज्याच्या ओळखीत असं एक मूल आहे तो सभासद.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी, प्राथमिक शाळेच्या पटांगणात. मुलांना घेऊन या, कडेवर नको, चालवत आणा, वेळ लागला तरी चालेल. येताना घरातली एक अशी वस्तू बरोबर आणा जिला हात लावायला मुलाला आजवर मनाई होती. विळी आणा, अडकित्ता आणा, कंदील, वजनकाटा, नांगराचा फाळ, सायकलची साखळी. जात्याची पाळी उचलेल त्यानं जातं आणावं. परात, पीठ आणि तवा आम्ही आणतो, चूल तिथंच मांडू. भाकऱ्या मुलं थापतील.